पाटा, लोणार आणि चंद्रावरचा ससा

आजीचा पाटा आमच्या घरात अजून आहे. मिक्सर आल्यापासून तो बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली गेला. पूर्वी वर्षातून एकदा पाट्याला टाकी लावणारी बाई दारावर यायची. छिन्नी-हातोडी घेऊन टकटक करत बसायची आणि वाटून वाटून गुळगुळीत झालेला पाटा पुन्हा खरखरीत करून द्यायची. मी शेजारी उकिडवा बसून बघायचो. टाकीच्या घावाखाली उघडा पडणारा ताजा दगड काळा नसायचा, गडद राखाडी असायचा, ओल्या पाटीसारखा. पुढे कॉलेजात हातात भिंग आलं तेव्हा सगळ्यात आधी तोच पाटा पाहिला. काळसर पिठात रुतलेल्या पांढुरक्या बारीक सुया, मधूनच एखादा हिरवट कण आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रं. सुया म्हणजे प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज. छिद्रं म्हणजे लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे.

हा दगड बेसाल्ट. सह्याद्री याचा, अजिंठा-वेरूळची लेणी यात कोरलेली, रायगड यावर उभा, आणि लोकलच्या रुळांखालची खडीही हीच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे थरावर थर वाहत राहिले. त्यातलं जे झिजून उरलंय तेच आज जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर भरतं.

पौर्णिमेच्या रात्री चंद्रावर जो ससा दिसतो, तोसुद्धा बेसाल्टचाच आहे. ही उपमा नाही. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि त्यातली मुख्य खनिजं पाट्यातलीच: प्लॅजिओक्लेज, पायरोक्सिन, कुठे कुठे ऑलिव्हिन. मंगळाच्या लाल धुळीखाली बेसाल्ट आहे. शुक्रावर सोव्हिएत याने उतरली, त्यांच्या पायाखालचा खडकही बेसाल्टच्याच जातीचा निघाला. व्हेस्टा नावाचा लघुग्रह आहे, रुंदी जेमतेम सव्वापाचशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून नागपूरपर्यंतही पुरणार नाही. त्याचंही कवच बेसाल्टचं.

इतक्या लांबलांबच्या ठिकाणी एकच दगड का, हे कळलं की ग्रहांच्या भूविज्ञानाचा अर्धा अभ्यास झाला म्हणायचा. ('भू' म्हणजे पृथ्वी, मग मंगळाचं भूविज्ञान कसं, हा प्रश्न मला एका मुलानं विचारला होता. रास्त आहे. पण 'मंगळविज्ञान', 'चंद्रविज्ञान' असे वेगवेगळे शब्द करत बसलं तर कोश पुरणार नाही.)

आधी एक गैरसमज दूर करू. शाळेच्या पुस्तकात पृथ्वीचा छेद काढलेला असतो आणि कवचाखालचा भाग लालभडक रंगवलेला असतो. त्यामुळे आपण समजतो की खाली सगळा लाव्हाच आहे, वरचं कवच त्यावर सायीसारखं तरंगतंय. तसं नाही. कवचाखालचं प्रावरण घन खडकाचंच असतं. प्रचंड तापलेलं असतं, पण वरच्या दाबामुळे वितळत नाही. काही ठिकाणी हा तापलेला खडक संथपणे वर सरकतो, दाब कमी होतो आणि मग तो वितळायला लागतो. तोही सगळा नाही. त्यातला लहानसा हिस्साच.

बर्फाचा गोळा आठवा. तोंडाला लावून चोखलं की रंगीत, गोड सरबत आधी येतं आणि काडीवर पांढरा फटक बर्फ उरतो. गोळा जसा होता तसा तोंडात येत नाही, त्यातलं सहज सुटणारं तेवढं येतं. प्रावरणाचंही तसंच. त्या खडकात ऑलिव्हिन भरपूर असतं आणि ते सहजासहजी वितळत नाही. लवकर वितळणारे घटक आधी सुटतात, एकत्र होतात आणि हलके असल्यामुळे वर येतात. हा जो पहिला रस निघतो, तो थिजला की बेसाल्ट होतो. सूर्याजवळचे सगळे खडकाळ गोळे साधारण एकाच मालमसाल्यातून घडले, त्यांची प्रावरणंही साधारण सारखी. त्यामुळे कुठलाही गोळा चोखा, पहिलं सरबत जवळपास तेच.

ग्रॅनाइट मात्र तसा नाही. तो मोठ्या प्रमाणावर व्हायला बेसाल्टसारखे खडक पुन्हा वितळावे लागतात, त्यात पाणी मुरावं लागतं, आणि हे चक्र कोट्यवधी वर्षं चालावं लागतं. ग्रॅनाइटचे खंडच्या खंड असलेली पृथ्वीखेरीज दुसरी जागा सूर्यमालेत आपल्याला माहीत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा आणि बाल्कनीतला बेसाल्टचा पाटा यांत खगोलीयदृष्ट्या दुर्मीळ चीज म्हणजे ओटा.

आता उष्णतेकडे येऊ, कारण खरा सूत्रधार तीच आहे. ग्रह घडताना लहानमोठे गोळे एकमेकांवर आदळले, त्या धडकांची उष्णता आत राहिली. जड लोखंड बुडून गाभ्याकडे गेलं, त्यातूनही उष्णता निघाली. शिवाय युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचा एक प्रकार ही किरणोत्सारी मूलद्रव्यं आजही आत शेगडीसारखी धुमसताहेत. ही सगळी ऊब ग्रहाला पृष्ठभागावाटे बाहेर टाकायची असते. ज्वालामुखी, भूकंप, पर्वत, दऱ्या हा सगळा त्या टाकण्याचाच खटाटोप.

वाटीतली आमटी पाच मिनिटांत निवते, पातेल्यातली तासभर गरम राहते. ग्रहांचं तेच. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, बुधाचा ४,८७९, मंगळाचा ६,७७९, शुक्राचा १२,१०४ आणि पृथ्वीचा १२,७४२. कोण लवकर निवलं आणि कोण अजून खदखदतंय, याचा क्रम या आकड्यांवरून बराचसा ओळखता येतो. व्हेस्टा तर चमचाभर आमटी. ती मुळात तापलीच कशी? तर सूर्यमालेच्या अगदी सुरुवातीला ॲल्युमिनियमचा एक किरणोत्सारी प्रकार भरपूर होता. दर सात लाख वर्षांनी तो निम्मा होत संपला, पण संपता संपता त्यानं लहान लहान गोळेसुद्धा वितळवून ठेवले. व्हेस्टाचा सगळा ज्वालामुखी-संसार तेव्हाच उरकला.

चंद्राचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे आपलाही हात लागलाय. चंद्र घडला तेव्हा त्याचा वरचा शेकडो किलोमीटर जाडीचा भाग पूर्ण वितळलेला होता. शिलारसाचा समुद्रच. तो निवू लागला तसं ऑलिव्हिनसारखी जड खनिजं तळाला बसली आणि हलकं प्लॅजिओक्लेज वर तरंगत आलं. तापवलेल्या दुधावर साय धरते तशी ही पांढरी साय धरली. तिला अनॉर्थोसाइट म्हणतात. चंद्राचा जो उजळ भाग दिसतो तो या सायीचा. कवच सायीसारखं तरंगत नाही असं मी वर म्हटलं ते आजच्या पृथ्वीबद्दल. तरुण चंद्रावर मात्र ते अक्षरशः तरंगत होतं.

ही कल्पना अपोलोच्या दगडांवरून निघाली. पण अपोलोची सगळी याने चंद्राच्या मध्य पट्ट्यातच उतरली होती. दक्षिण ध्रुवाकडेही हीच साय आहे का? २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ तिकडे, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरलं. प्रज्ञान ही २६ किलोची गाडी १०३ मीटरच्या वाटेवर २३ ठिकाणी थांबली. तिच्या पोटाशी एक छोटं उपकरण होतं. ते मातीजवळ नेऊन किरणांचा मारा करायचा आणि मातीतून उलट कुठले क्ष-किरण येतात ते मोजायचं, की कुठलं मूलद्रव्य किती आहे ते कळतं. उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं केलेलं. निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला: तिथली माती मुख्यतः अनॉर्थोसाइटचीच, म्हणजे साय दूरवर पसरलेली. मॅग्नेशियम मात्र अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. जवळच चंद्रावरचं सगळ्यात मोठं, सुमारे २,५०० किलोमीटर रुंदीचं विवर आहे. ते खोदलं गेलं तेव्हा खोलवरचा मालही उडून इथे पडला असावा, असं संशोधकांचं म्हणणं. उतरण्याचा तो जल्लोष सगळ्यांना आठवतो. या २३ मोजण्या कुणाच्या फारशा लक्षात नाहीत, आणि माझ्या मते मोहिमेचं खरं वैज्ञानिक पीक त्यांत आहे.

मग ससा कुठून आला? साय धरल्यावर चंद्रावर मोठमोठे लघुग्रह आदळले, खोल खळगे पडले. नंतर कोट्यवधी वर्षांनी आतला बेसाल्ट भेगांतून वर येऊन त्या खळग्यांत भरला. असे भरलेले खळगे मिळून चंद्राच्या पृष्ठभागाचा साधारण सहावा हिस्सा होतो, आणि जवळजवळ सगळे आपल्याकडच्या बाजूला. पलीकडचं कवच जाड, तिथे लाव्हाला वर येणं जमलं नाही. १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन उतरले ते यातल्याच एका मैदानावर, आपण ज्याला सशाचं डोकं समजतो तिथे. त्यांनी आणलेला बेसाल्ट ३६० ते ३९० कोटी वर्षांचा निघाला. सह्याद्री त्यापुढे कालचं पोर.

त्या दगडांत दोन गोष्टी चमत्कारिक होत्या. एक म्हणजे पाणी लागून झिजल्याची कसलीच खूण नाही. आपल्या बेसाल्टला हवापाणी लागलं की तो पिवळा पडतो, सुटतो, मुरूम होतो. चंद्रावरचा दगड साडेतीनशे कोटी वर्षांनंतरही काल थिजल्यासारखा कोरा करकरीत. दुसरी म्हणजे त्यात टायटॅनियम फार. ते इल्मेनाइट नावाच्या काळ्या खनिजात असतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पांढऱ्या वाळूत मधूनच काळ्या वाळूचे पट्टे दिसतात ना, त्यातही इल्मेनाइटच असतं. सह्याद्रीचा बेसाल्ट झिजून नद्यांनी वाहून आणलेलं. लोहचुंबक फिरवलं तर काही काळे कण चिकटतात, ते बहुतेक त्याच्यासोबतच्या मॅग्नेटाइटचे. अपोलो ११ च्या दगडांत एक खनिज तर अगदी नवं सापडलं. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांच्या आडनावांची आद्याक्षरं जुळवून त्याचं नाव ठेवलं आर्माल्कोलाइट. नाव ठेवणाऱ्यांनी फार डोकं चालवलेलं दिसत नाही.

दगड हातात असला की त्यातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय काढता येतं. बुधावरून किंवा प्लूटोवरून दगड कोण आणणार? तिथे पाट्याची युक्ती कामी येते. टाकी लावणाऱ्या बाईचा हात एका लयीत चालत असेल, तर घाव मोजून ती किती वेळ बसली होती ते सांगता येईल. ग्रहांवर घाव घालतात अशनी आणि लघुग्रह. ज्या पृष्ठभागावर विवरं दाट तो जुना, विरळ तो नवा. चंद्रावरच्या काही जागांचं वय अपोलोच्या दगडांवरून नक्की ठाऊक आहे. त्यावरून घावांची लय ठरवली आणि मग तोच हिशोब इतर ग्रहांना लावला. घाव पुसले जाण्याच्याही दोन तऱ्हा. एक वरवंट्याची: वारा, पाणी, बर्फ घासत राहतात. दुसरी सारवण्याची: नवा लाव्हा येतो आणि अंगण सारवावं तसा सगळं झाकून टाकतो. पृथ्वीवर दोन्ही अखंड चालू असतात, म्हणून आपल्याकडे विवरं मोजायला फारशी उरलेलीच नाहीत.

बुधाचं थोडक्यात. त्याचा लोखंडी गाभा अवाढव्य, ग्रहाच्या त्रिज्येच्या ८० टक्क्यांहून जास्त. तो निवला आणि आकसला. वरचं कवच त्याला सैल पडू लागलं आणि सुकलेल्या बोरासारख्या सुरकुत्या आल्या. या सुरकुत्या म्हणजे शेकडो किलोमीटर लांबीचे कडे. मेसेंजर यानानं २०११ ते २०१५ या काळात ते मोजले. बुधाची त्रिज्या सुमारे सात किलोमीटरनं घटली आहे.

मंगळ मध्यम आकाराचं पातेलं. निवत आलेलं. तो लाल दिसतो तो फक्त वरवर. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्युरिऑसिटी गाडीनं तिथल्या एका खडकात साडेसहा सेंटिमीटर खोल भोक पाडलं. पृष्ठभाग गंजलेल्या पत्र्यासारखा तांबडा, आणि भोकातून निघालेला भुगा राखाडी. आपल्याकडे कोकणातला जांभा असाच बेसाल्टमधलं लोखंड गंजून लाल झालेला आहे. फरक इतकाच की जांभ्याला मुसळधार पाऊस आणि दमट हवा लागते, तो गंज मीटर-मीटर खोल जातो. मंगळावरचा गंज म्हणजे बऱ्याच ठिकाणी धुळीचं पातळ पांघरूण.

मंगळाचं खरं वैभव ऑलिंपस मॉन्स. उंची सुमारे २२ किलोमीटर, म्हणजे अडीच एव्हरेस्ट. पायथ्याची रुंदी ६०० किलोमीटर. क्षेत्रफळ काढलं तर जवळपास आख्खा महाराष्ट्र त्याच्या बुडाखाली जाईल. उतार मात्र इतका मंद की पायथ्याशी उभं राहिलं तर शिखर दिसणारच नाही, ते क्षितिजाच्या पलीकडे असेल. एवढा मोठा ज्वालामुखी झाला कसा? पृथ्वीचं कवच अनेक तुकड्यांत फुटलेलं आहे आणि हे भूपट्ट सरकत असतात. हवाई बेटांच्या खाली उष्णतेचा झरा एकाच जागी आहे, पण वरचा पट्ट सरकतो. त्यामुळे एक बेट तयार होतं, पुढे जातं, मागे दुसरं उगवतं. बेटांची रांग लागते. जणू चकलीचा सोऱ्या एका जागी धरलाय आणि खालचा कागद कुणीतरी ओढतंय. मंगळाचं कवच एकसंध. कागद हलतच नाही, मग एकाच जागी चकलीवर चकली. त्यात गुरुत्वाकर्षण आपल्याहून बरंच कमी, आपल्या सुमारे ३८ टक्केच, त्यामुळे ढीग स्वतःच्या वजनानं लवकर बसतही नाही.

शुक्र आकारानं जवळजवळ पृथ्वीएवढा, म्हणजे आतून अजून गरम असायला हवा. पण पाहायचं कसं? कायमचे ढग, पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस, दाब आपल्या नव्वदपट. १९८२ मध्ये व्हेनेरा १३ तिथे १२७ मिनिटं तगलं, आणि तेही कौतुकच. त्या फोटोंत सपाट, फरशीसारखे खडक दिसतात. नंतर मॅगेलन यानानं १९९० पासून चार वर्षं रडारनं ढगांपलीकडचा नकाशा काढला. विवरं जेमतेम हजारभर निघाली, आणि सगळीकडे सारखी विखुरलेली. म्हणजे ग्रहभर जमीन साधारण एकाच वयाची, साधारण तीस ते सत्तर कोटी वर्षांपूर्वी नव्यानं सारवलेली. हे सारवण एका झपाट्यात झालं की हळूहळू तुकड्यातुकड्यानं, यावर जाणकारांत अजून वाद आहे. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण २०२३ मध्ये मॅगेलनच्या जुन्या प्रतिमा पुन्हा चाळताना एक मजा सापडली. १९९१ च्या फेब्रुवारी आणि ऑक्टोबर या दोन प्रतिमांत मात मॉन्स पर्वतावरचं एक ज्वालामुखी तोंड वेगवेगळ्या आकाराचं होतं. आठ महिन्यांत ते जवळपास दुप्पट झालं होतं. पुरावा तीस वर्षं फडताळातच पडून होता.

आतापर्यंत वाटी-पातेल्याचा नियम छान चालला. आता तो मोडतो.

गुरूचा आयो हा चंद्र आपल्या चंद्रापेक्षा किंचितच मोठा, व्यास ३,६४३ किलोमीटर. नियमाप्रमाणे तो कधीच थंड होऊन विवरांनी भरलेला असायला हवा. मार्च १९७९ च्या सुरुवातीला पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघांनी एक शोधनिबंध छापला: आयो आतून वितळलेला असेल, तिथे ज्वालामुखी दिसू शकतील. तीनच दिवसांनी व्हॉयेजर १ आयोजवळून गेलं. ८ मार्चला लिंडा मोराबिटो ही तरुण अभियंता यानाची दिशा तपासण्यासाठी एक फोटो उजळ करून पाहत होती. तिचं काम होतं मागचे तारे शोधायचं. आयोच्या कडेला तिला छत्रीसारखा एक फुगवटा दिसला. तो शेकडो किलोमीटर उंच उडालेला ज्वालामुखीचा फवारा होता. भाकीत इतक्या लगोलग खरं ठरल्याची उदाहरणं विज्ञानात फार नाहीत.

उष्णता येते कुठून? तार तोडायला पक्कड नसली की आपण ती उलटसुलट वाकवत राहतो. तुटण्याआधी वाकते त्या जागी बोट लावून बघा, चटका बसतो. गुरू आयोला तसा वाकवतो. आयो गुरूभोवती पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो. त्याच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा युरोपा या गुरूच्या दुसऱ्या चंद्राची एक, आणि चार होतात तेव्हा गॅनिमीड या तिसऱ्याची एक. या ठरलेल्या तालामुळे आयोची कक्षा कधी पूर्ण गोल होऊ शकत नाही. तो गुरूच्या कधी जवळ, कधी लांब. जवळ आला की जास्त ताणला जातो, लांब गेला की सुटतो. त्याची घन जमीन सुमारे १०० मीटर वरखाली होते. आपल्या समुद्राला भरती येते, तिथे दगडाला येते. त्या पिळवटण्यातून निघणाऱ्या उष्णतेवर ४०० च्या आसपास ज्वालामुखी चालतात. सारवण इतकं अखंड की आयोवर अशनीचं एकही विवर आजवर सापडलेलं नाही.

तेव्हा नियम थोडा दुरुस्त करून घ्यायचा: पातेल्याचा आकार पाहा, पण खाली कुणी जाळ लावलाय का तेही पाहा.

हा जाळ शनीच्या एन्सेलाडस या चंद्रालाही लागलाय. जेमतेम ५०० किलोमीटरचा बर्फाचा गोळा, पण २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याच्या वाफेचे आणि बर्फकणांचे फवारे उडताना दिसले. इथे बेसाल्टची सद्दी संपते. सूर्यापासून इतक्या लांब दगडाची जागा बर्फ घेतो, आणि लाव्हाची पाणी.

शनीच्याच टायटन या चंद्रावर तर अदलाबदल पूर्ण झालेली आहे. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स हे छोटं यान पॅराशूटनं तिथे उतरलं. त्यानं पाठवलेला फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला उन्हाळ्यात आटलेलं नदीपात्र आठवलं. समोर गोलसर गोटे, वाहत्या प्रवाहात घासून होतात तसे. पण तापमान उणे १७९ अंश. ते गोटे पाण्याच्या बर्फाचे आहेत, इतक्या थंडीत बर्फ दगडाइतका कठीण असतो. आणि त्यांना गोल करणारी नदी द्रवरूप मिथेनची. पाऊस मिथेनचा, तळी मिथेनची. प्लूटोवर आणखी पुढची पायरी: २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यानाला तिथे गोठलेल्या नायट्रोजनचं हजारभर किलोमीटरचं मैदान दिसलं, त्यावर एकही विवर नाही. नायट्रोजनचा बर्फ तिथे आतून संथपणे उलटापालटा होत स्वतःलाच सारवत बसलाय. आपण ज्या वायूत दिवसभर श्वास घेतो, त्याच्या तिथे हिमनद्या आहेत.

परत काळ्या दगडाकडे येतो, कारण लोणार राहिलं.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. चंद्रावरच्या विवरांच्या मानानं किरकोळ. तरी जगभरचे ग्रहशास्त्रज्ञ तिथे येतात, कारण पृथ्वीवर मुळातच विवरं कमी, आणि त्यातही जी उरली आहेत ती बहुतेक वालुकाश्मात, चुनखडकात किंवा ग्रॅनाइटमध्ये पडलेली. लोणारचा घाव थेट बेसाल्टवर बसलाय, चंद्राच्या डागांवर आणि मंगळावर बसतो तसा. आधी बरीच वर्षं हे ज्वालामुखीचं तोंड समजलं जायचं. चहूकडे लाव्हाचाच प्रदेश म्हटल्यावर तसं वाटणं साहजिक. १९७३ मध्ये पक्का पुरावा प्रसिद्ध झाला. विवरातल्या दगडांत प्लॅजिओक्लेजच्या सुया सापडल्या, तशाच, सरळ कडांच्या. पण त्या आता स्फटिक नव्हत्या, काच झाल्या होत्या. वितळून वाहिल्या असत्या तर आकार गेला असता. आकार तसाच ठेवून आतली रचना विस्कटायची तर वातावरणाच्या लाखो पट दाब क्षणार्धात यावा लागतो. ज्वालामुखीत असा दाब येत नाही, अशनी आदळल्यावर येतो. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. विवराच्या वयावर मात्र एकमत नाही: एका पद्धतीनं सुमारे ५० हजार वर्षं येतात, दुसरीनं साडेपाच लाखांच्या वर.

ही काच पहिल्यांदा ओळखली गेली १८७२ मध्ये, आणि तीही भारतात पडलेल्या एका दगडात. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला आकाशातून सुमारे पाच किलोचा दगड पडला. त्याचा तुकडा व्हिएन्नात गुस्ताव चेर्माक यांच्या हाती गेला, त्यांनी त्यातली काच पाहिली. दगड बेसाल्टच्या जातीचा. तेवढ्यानं कुणी चमकलं नसतं. पण त्याचं वय मोजलं तेव्हा ते फारच कमी निघालं, आता १७ ते १८ कोटी वर्षं मानतात. लघुग्रह तर ४५० कोटी वर्षांपूर्वीच निवलेले. इतक्यात लाव्हा ओकणारा तो गोळा कुठला? अंटार्क्टिकात सापडलेल्या याच जातीच्या एका दगडातली काच १९८३ मध्ये तपासली. आत वायूचे सूक्ष्म अंश अडकलेले होते, आणि त्यांचं प्रमाण १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळलं. मंगळावर कुणीतरी जोरात आदळलं, तिथला बेसाल्ट उडाला, अंतराळात भटकला आणि बिहारात पडला. या जातीच्या सगळ्या दगडांना आज जगभर 'शेरगोटाइट' म्हणतात. इंग्रजांनी शेरघाटीचं जे शेरगोटी केलं होतं, तेच कायम झालं.

लोणारला गेलात तर दैत्यसूदनाचं मंदिर पाहून कड्यावर या. विवराची कड भोवतालच्या शेतांपेक्षा थोडी उंच आहे. तिथे बेसाल्टचे थर नीट पाहिले तर ते आडवे नाहीत, बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, आतून कुणी उचकटल्यासारखे. खाली उतरताना पायवाटेवर हलके, काळे, फेसाळ खडे दिसतात. एखादा खिशात टाकायचा मोह होतो. टाकू नका, हे अभयारण्य आहे. घरी पाटा असेलच.